अरबी कादंबरीत मुली मोठ्या कशा होतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आधुनिक अरबी कादंबरीत मुलीच्या वयात येण्याची, तिच्या जडणघडणीची अशी स्वतंत्र परंपरा आहे का, आणि असेल, तर या कथा बहुधा लग्नात, वेडात किंवा मरणातच का संपतात? आपण इजिप्तच्या नवाल अल-सअदावी आणि ओमानच्या जोखा अल-हार्थी यांच्या कादंबऱ्या इंग्रजीतून वाचल्या आहेत आणि या मुलींच्या वाटेतला खरा अडसर म्हणजे घरातला जुन्या वळणाचा बाप, असा आपला निष्कर्ष झाला आहे. परंपरा निश्चितच आहे. शेवटांबद्दलची आपली शंका अर्धी खरी आहे. बापाबद्दलच्या निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही, आणि अरबी साहित्य शिकवताना विद्यार्थ्यांशी माझा सर्वांत जास्त वाद याच मुद्द्यावर झालेला असल्यामुळे उत्तराचा बराचसा भाग मी त्यालाच देणार आहे. या कादंबऱ्यांतला बाप कठोर असतो हे खरे. परंतु त्याच्याकडून मुलीने फारशी अपेक्षा ठेवलेलीच नसते. तिची अपेक्षा असते ती स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या, शिकलेल्या, बहुतेक वेळा देशभक्त किंवा डाव्या विचारांच्या पुरुषाकडून. भाऊ, मावसभाऊ, मामा, प्राध्यापक, प्रियकर, पक्षातला सोबती अशा वेगवेगळ्या रूपांत तो येतो आणि मुलगी मोठी होते ती बहुधा त्याला ओळखून घेताना.

आधी पुरुषांच्या कथेचा साचा पाहिला पाहिजे, कारण लेखिकांनी तो मोडूनच आपला मार्ग काढला. ताहा हुसैन यांच्या 'अल-अय्याम'चा (दिवस) पहिला भाग १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आला. वरच्या इजिप्तमधल्या खेड्यातला अंध मुलगा कैरोच्या अल-अझहर या जुन्या इस्लामी विद्यापीठात शिकायला येतो आणि पुढे फ्रान्सला जातो, असा तो प्रवास आहे. अरबी साहित्यात वाढणे म्हणजे गाव सोडणे, शिकणे आणि परत येऊन आपल्या माणसांकडे नव्या नजरेने पाहणे, हे समीकरण या पुस्तकामुळे पक्के झाले. मुलीला यातली पहिलीच पायरी बंद होती. नजीब महफूज यांच्या १९५६-५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कैरो त्रयीत हे फार स्पष्ट दिसते. धाकटा मुलगा कमाल याच्या वाट्याला शाळा, प्रेमभंग, डार्विन आणि श्रद्धेचा पेचप्रसंग असे सगळे येते. त्याच्या बहिणी खदीजा आणि आयशा यांच्या वाट्याला खिडकीची फट आणि मग लग्न. महफूज हे बहिणींकडे दुर्लक्ष करणारे लेखक नव्हते, उलट आयशाची शोकांतिका त्यांनी अतिशय हळुवारपणे लिहिली आहे, तरीही तिला जडणघडण नाही, केवळ नशीब आहे.

याच सुमारास, अवघ्या दोन-तीन वर्षांच्या काळात, चार तरुण लेखिकांनी चार पुस्तके लिहिली. बैरूतमध्ये १९५८ साली लैला बअलबक्की यांची 'अना अह्या' (मी जगते) आली. त्याच सुमारास कैरोत नवाल अल-सअदावी यांचे 'मुझक्किरात तबीबा' (एका डॉक्टर स्त्रीच्या आठवणी) 'रोझ अल-युसुफ' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले. १९५९ मध्ये दमास्कसच्या कोलेत खूरी यांची 'अय्याम मअहू' (त्याच्यासोबतचे दिवस) आणि १९६० मध्ये लतीफा अल-झय्यात यांची 'अल-बाब अल-मफ्तूह' (उघडे दार) प्रसिद्ध झाली. हा योगायोग नव्हे. कैरो विद्यापीठाचे दरवाजे मुलींसाठी १९२०च्या दशकाच्या अखेरीस उघडले होते, म्हणजे शिकलेल्या स्त्रियांची पहिली मोठी पिढी आता लिहिण्याच्या आणि, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे, पुस्तके विकत घेऊन वाचण्याच्या वयात आली होती. या चौघींत मी सर्वांत जास्त वेळ अल-झय्यात यांच्यापाशी थांबेन, कारण पुढच्या साठ वर्षांतल्या बहुतेक कादंबऱ्या उघडपणे किंवा नकळत याच पुस्तकाशी बोलत आहेत.

लतीफा अल-झय्यात या १९४६ च्या विद्यार्थी आणि कामगारांच्या राष्ट्रीय समितीच्या पुढाऱ्यांपैकी एक होत्या. कादंबरीचा आरंभ त्याच वर्षीच्या २१ फेब्रुवारीला, ब्रिटिशांविरुद्धच्या मोठ्या निदर्शनांच्या दिवशी होतो. नायिका लैला तेव्हा लहान आहे आणि भाऊ महमूद निदर्शनांत आहे. पुढे लैला वयात येते. हा प्रसंग अल-झय्यात यांनी ज्या तऱ्हेने सांगितला आहे तो अरबी कादंबरीतला मैलाचा दगड मानला जातो: वयात येणे म्हणजे तुरुंगात प्रवेश करणे, आणि त्या तुरुंगाच्या दारावर बाप, भाऊ आणि आई असे तिघे पहारेकरी उभे आहेत, असे तिला उमगते. या तिघांत भावाचे नाव आहे, इकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. हाच भाऊ १९५१ मध्ये सुवेझ कालव्याच्या पट्ट्यात इंग्रजांशी लढायला जातो आणि कादंबरी त्याच्या धैर्याबद्दल तिळमात्र शंका घेत नाही. देशासाठी जीव द्यायला निघालेला हा मुलगा बहिणीच्या बाबतीत मात्र घराच्या चौकटीतच विचार करतो. लैला शाळेतल्या मुलींबरोबर मोर्चात जाते तेव्हा घरी बाप तिला मारतो. बापाने मारले याचे तिला दुःख होते, पण आश्चर्य वाटत नाही. आपल्या बाजूचे म्हणवणारे लोक त्या क्षणी कुठे असतात, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे.

यानंतर कादंबरी तिच्यासमोर एकामागून एक तीन पुरुष आणते. पहिला मावसभाऊ इसाम, त्याच इमारतीत राहणारा वैद्यकीय विद्यार्थी. त्याचे प्रेम खरे आहे, पण ते मालकीच्या भावनेने पोखरलेले आहे, आणि लैलाच्या 'पावित्र्या'ची काळजी वाहणारा हा तरुण घरातल्या मोलकरणीशी संबंध ठेवून आहे हे तिला कळते. त्या काळातल्या मध्यमवर्गीय नीतीवरचा इतका नेमका घाव मला दुसरीकडे आढळलेला नाही, कारण इथे स्त्रीचा प्रश्न आणि वर्गाचा प्रश्न एकाच खोलीत येऊन उभे राहतात. दुसरा पुरुष तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डॉ. फुआद रम्झी. ते विद्वान आहेत, विद्यार्थ्यांवर त्यांची छाप आहे, आणि लैलाला त्यांनी निवडले आहे ते तिच्या आज्ञाधारकपणामुळे. बापाचा अधिकार आता पदवी घेऊन, सुसंस्कृत आवाजात बोलू लागला आहे एवढाच फरक. इसामपासून दुखावलेली लैला या आवाजाला शरण जाते, आणि कादंबरीतला सर्वांत भयप्रद भाग तो आहे, मारहाणीचा नव्हे. तिसरा हुसैन, भावाचा मित्र, अभियंता. तो जर्मनीहून तिला पत्रे लिहितो आणि माझ्यात विरून जाऊ नकोस, स्वतःच्या पायांवर उभी राहा, असे सांगतो. लैला शिक्षिका म्हणून पोर्ट सईदला जाते, १९५६ च्या युद्धात शहराच्या प्रतिकारात सामील होते आणि तिथे रम्झींशी झालेला वाङ्निश्चय तिच्या दृष्टीने संपतो. इजिप्तमधल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क त्याच वर्षीच्या राज्यघटनेने दिला होता, हे ध्यानात घेतले की या शेवटामागचा उत्साह समजतो. मुलगी आणि देश एकाच वेळी सज्ञान झाले, असा तो विश्वास होता.

हुसैन हे पात्र मला कादंबरीचा कच्चा दुवा वाटते. तो फार चांगला आहे; त्याची पत्रे कधीकधी प्रवचनाच्या पट्टीत जातात; आणि स्वतंत्र हो असे सांगण्यासाठीही पुरुषाचीच गरज लागावी यातली विसंगती अनेक समीक्षकांनी दाखवून दिली आहे. तरीही मी या कादंबरीचा बचाव करतो, कारण इसाम आणि रम्झी यांच्यानंतर हुसैनवर विश्वास ठेवायचा की नाही हे लैलाला स्वतः ठरवावे लागते, आणि तो निर्णय ती प्रेमाच्या भरात घेत नाही. १९६३ मध्ये हेन्री बरकात यांनी यावर चित्रपट केला, फातन हमामा यांनी लैलाची भूमिका केली. त्यात लैला स्टेशनवर नियोजित वराला आणि घरच्यांना सोडून पोर्ट सईदकडे निघालेल्या गाडीकडे धावते. प्रसंग पाहताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण कादंबरीतली लैला कुणाच्या मागे धावत पोर्ट सईदला गेलेली नाही. ती नोकरीवर गेलेली आहे. हा फरक किरकोळ नाही.

बैरूतमधली लीना फय्याद, म्हणजे 'अना अह्या'ची नायिका, या सगळ्याची दुसरी बाजू आहे. तिच्या घरात पैसा आहे, देशप्रेमाचा आदर्श नाही. बापाची संपत्ती महायुद्धाच्या काळातल्या व्यापारातून आलेली आहे आणि लीनाला तिची किळस आहे. ती केस कापते, नोकरी धरते, विद्यापीठात जाते, एकटी कॅफेत बसते आणि पानोपानी 'मी' म्हणत राहते. हा 'मी' तेव्हाच्या वाचकांना उद्धट वाटला. कॅफेत तिला बहा नावाचा इराकी विद्यार्थी भेटतो, तो साम्यवादी आहे. आता तरी बरोबरीने बोलणारा कुणी मिळाला असे तिला वाटते, पण जग बदलायला निघालेल्या बहाला स्त्रीबद्दलचे आपले विचार बदलायचे नाहीत. समतेच्या गप्पा ही बोलाचीच कढी ठरते. लीना आत्मनाशाच्या टोकापर्यंत जाऊन अखेर ज्या घराचा तिला तिटकारा आहे तिथेच परतते. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा बअलबक्की विशीच्या आसपास होत्या. पुढे १९६४ मध्ये एका लघुकथेतल्या मजकुरावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या निर्दोष सुटल्या, पण त्यानंतर त्यांचे कथालेखन जवळजवळ थांबले. अल-सअदावींची डॉक्टर नायिकाही सुरुवातीलाच केस कापते. तीही शिकलेल्या, समजूतदार वाटणाऱ्या माणसाशी लग्न करते आणि लग्नानंतर त्याच माणसाला तिचा व्यवसाय खुपू लागतो. आपण ही कादंबरी वाचली असेल तर तो अभियंता नवरा पुन्हा एकदा वाचून पाहावा. बापापेक्षा तो अधिक जागा व्यापतो.

हा नमुना लेखिकांच्या कल्पनेतून आलेला नाही याचा पुरावा म्हणून मी फदवा तूकान यांच्या आत्मचरित्राचा आधार घेतो. तूकान कवयित्री, पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुस शहरातल्या प्रतिष्ठित घराण्यात १९१७ मध्ये जन्मल्या. १९८५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'रिहला जबलिया, रिहला सअबा' (डोंगरातला प्रवास, अवघड प्रवास) यात त्या सांगतात की एका मुलाने रस्त्यात त्यांना एक फूल दिले, तेवढ्यावरून त्यांची शाळा बंद झाली आणि घराबाहेर पडणे संपले. नंतर भाऊ इब्राहीम, जे स्वतः मोठे राष्ट्रीय कवी होते, त्यांनी घरातच त्यांना काव्य शिकवले. इब्राहीम १९४१ मध्ये वारले आणि मग वडिलांची अपेक्षा अशी, की ती जागा आता मुलीने भरून काढावी आणि राजकीय कविता लिहावी. चार भिंतींच्या आत कोंडलेली, पुरुषांच्या बैठकीत पाऊलही न टाकलेली मुलगी राजकारणावर काय लिहिणार, हा त्यांचा प्रश्न संपूर्ण परंपरेचा प्रश्न आहे. देशाला तिचा आवाज हवा होता, तिचे बाहेर पडणे नको होते. इब्राहीम हा मात्र अपवाद. चांगला भाऊ कादंबऱ्यांत क्वचितच भेटतो, आत्मचरित्रांत थोडा अधिक भेटतो. याचे कारण कदाचित इतकेच असेल की आत्मचरित्रात भावाचे ऋण मान्य करावे लागते.

इस्रायलकडून अरब देशांचा पराभव झालेल्या १९६७ च्या जून युद्धानंतर मुलगी आणि देश यांची ही जोडी तुटली. अल-झय्यात यांच्या कारकिर्दीतच ती तुटलेली दिसते: 'उघडे दार' लिहिणाऱ्या या लेखिकेचे पुढचे कथापुस्तक १९८६ मध्ये आले, आणि त्याचे नाव 'अल-शैखूखा', म्हणजे वार्धक्य. १९८१ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात यांच्या सरकारने मोठी धरपकड केली तेव्हा त्या कनातिरच्या स्त्रियांच्या तुरुंगात होत्या, अल-सअदावीही त्याच धरपकडीत होत्या. १९९२ मध्ये आलेल्या 'हम्लत तफ्तीश: औराक शख्सिया' (झडती: वैयक्तिक कागद) या पुस्तकात अल-झय्यात यांनी आपल्या वाढीची कथा पुन्हा सांगितली; पण आता ती तुकड्यांत आहे, वेगवेगळ्या वर्षांच्या टिपणांत आहे, आणि सरळ रेषेत वर जाणारा प्रवास तिथे उरलेला नाही. 'उघडे दार' वाचल्यावर काही महिन्यांनी हे पुस्तक वाचावे. एकाच लेखिकेने एकच कथा दोन वयांत कशी सांगितली ते दिसते, आणि दुसरे कथन अधिक प्रामाणिक आहे असे मला वाटते.

आपण ज्या वेडाच्या आणि मरणाच्या शेवटांविषयी विचारता ते याच काळातले. हनान अल-शेख यांची 'हिकायत झहरा' (झहराची कहाणी) १९८० मध्ये बैरूतमध्ये आली, तेव्हा लेबनॉनमध्ये यादवी युद्ध चालू होते. प्रकाशक तयार होईनात म्हणून लेखिकेने ती स्वतः प्रसिद्ध केली. कादंबरी सुरू होते ती अंधाऱ्या खोलीत दाराआड लपलेल्या लहान मुलीपासून: आईने तिचे तोंड दाबून धरले आहे, कारण आई प्रियकराला भेटायला आली आहे आणि मुलगी तिच्यासाठी आडोसा आहे. झहरा मोठी होते ती चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या खुडत, गप्प राहत. पुढे ती पश्चिम आफ्रिकेत मामा हाशिमकडे जाते. हाशिम सीरियन राष्ट्रवादी पक्षाचा कार्यकर्ता, फसलेल्या बंडानंतर देश सोडून पळालेला. मायभूमीच्या आठवणीने तो व्याकूळ आहे आणि भाचीच्या रूपात त्याला जणू ती मायभूमीच परत मिळाल्यासारखी वाटते. हे प्रेम कुठवर घसरते ते झहराच्या अंगावर येणाऱ्या शहाऱ्यांतून कळते. रचनेच्या दृष्टीने एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: कादंबरीच्या पहिल्या भागात झहराचे निवेदन मधेच थांबते आणि हाशिम, मग तिचा नवरा माजिद, हे दोघे आपापली बाजू प्रथमपुरुषी सांगू लागतात. दोघांनाही आपण तिच्यावर उपकार केले असेच वाटते. अखेर बैरूतच्या गच्चीवरून गोळ्या झाडणाऱ्या एका बंदूकधाऱ्याशी तिचे संबंध जुळतात, आणि रस्त्यात गोळी लागून ती पडते तेव्हा आपल्या मरणाचे वर्णन ती स्वतः करते. पक्ष, कुटुंब, लग्न, आणि युद्धात सगळे नियम कोसळल्यामुळे मिळालेली तात्पुरती मोकळीक, असे सर्व आधार एकेक करून खोटे ठरल्यावर लेखिकेकडे दुसरा शेवट शिल्लक नव्हता. हा शेवट निराशावादी आहे असे म्हणण्यापेक्षा तो हिशेब चोख आहे असे मी म्हणेन.

याच लेखिकेने २००५ मध्ये 'हिकायती शरहुन यतूल' (माझी कहाणी सांगायला लांब आहे) लिहिले. त्यात लेखिकेची निरक्षर आई कामिला बोलते. मेलेल्या बहिणीच्या नवऱ्याशी कोवळ्या वयात लावून दिलेले लग्न, एका तरुणावर जडलेले प्रेम, त्यासाठी घेतलेला घटस्फोट आणि मुलींना सोडून जाणे, हे ती स्वतःच्या ठसक्यात, विनोद करत सांगते. दाराआड भेदरलेल्या मुलीला जे पाप दिसले होते तेच पंचवीस वर्षांनी आईच्या बाजूने सांगितले गेले. अरबीतल्या स्त्रियांच्या वाढीच्या कथांत मला सर्वांत मोठी वाढ इथे दिसते, आणि ती एका कादंबरीच्या आत नसून दोन पुस्तकांच्या मधल्या अंतरात झालेली आहे.

मोरोक्कोच्या लैला अबू झैद यांची 'आम अल-फील' (हत्तीचे वर्ष, १९८३) ही लघुकादंबरी या चर्चेत घ्यावी की नाही यावर दुमत आहे, कारण तिची नायिका झहरा तरुण नाही. मी ती घेतो. फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून जोखीम पत्करलेली ही स्त्री स्वातंत्र्यानंतर त्याच नवऱ्याकडून टाकली जाते, कारण नव्या राजवटीत मोठा अधिकारी झालेल्या त्या गृहस्थाला काट्याने जेवणारी, फ्रेंच बोलणारी, पाहुण्यांत मिसळणारी बायको हवी आहे. ज्यांच्या विरुद्ध लढलो त्यांच्याच रीतीरिवाजांच्या कसोटीवर बायको नापास! अरब जगातल्या अनेक कथांत मुलीचे लग्न इतके लवकर होते की तिला स्वतःची ओळख पटण्याचे वय लग्नानंतर, कधी घटस्फोटानंतर येते. म्हणून वयात येण्याची कथा म्हटल्यावर केवळ सोळा वर्षांची मुलगी शोधू नये. पॅलेस्टाईनच्या सहर खलीफा यांच्या 'अब्बाद अल-शम्स' (सूर्यफूल, १९८०) मधली पत्रकार रफीफही अशीच, पुरोगामी सहकाऱ्यांशी भांडता भांडता घडत जाणारी आहे.

कलेच्या दृष्टीने मला सर्वांत प्रिय असलेली कादंबरी इराकी लेखिका आलिया ममदूह यांची आहे: 'हब्बात अल-नफ्तालीन' (डांबराच्या गोळ्या, १९८६). बगदादच्या अअझमिया भागातल्या जुन्या घरात, १९४० आणि १९५०च्या दशकांत, हुदा नावाची नऊ वर्षांची मुलगी वाढते आहे. बाप करबल्याच्या तुरुंगात अधिकारी. तो घरी येतो तेव्हा घराचा श्वास रोखला जातो. आई क्षयाने खंगलेली. खरी सत्ता आजीची. न्हाणीघरे, गल्ल्या, आत्यांची कुजबुज, बायकांच्या अंगाचा वास, अशा गोष्टींनी पुस्तक गच्च भरलेले आहे. हुदा कधी 'मी' म्हणते, कधी निवेदन 'तू' असे म्हणून तिच्याशीच बोलते, आणि मोठ्या झालेल्या स्त्रीने लहानपणीच्या आपल्याला पुन्हा उभे करताना होणारी ओढाताण त्या सर्वनामांच्या बदलातून दिसते. इथे माझा पुरोगामी पुरुषाचा सिद्धान्त लागू होत नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. ममदूह बापाचाच शोध घेतात, आणि गणवेशातला हा दरारा हळूहळू आतून कोसळत जातो तेव्हा वाचकाला त्याची दया येऊ लागते. बापाला खलनायक म्हणून वाचण्याची सवय मोडायला याहून चांगले पुस्तक नाही.

या कथा समाजाचा दस्तऐवज म्हणून वाचाव्यात का, या आपल्या उपप्रश्नाला मिराल अल-तहावी यांनी कादंबरीतूनच उत्तर दिले आहे. त्या इजिप्तमधल्या बेदुइन (वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या) कुटुंबातून आल्या. 'अल-खिबा' (तंबू, १९९६) मधली फातिमा झाडांवर चढणारी, गोष्टी रचणारी मुलगी आहे; आई खोलीत कोंडलेली, आजी जुलमी, बाप प्रेमळ पण सतत प्रवासावर. झाडावरून पडून तिचा पाय जायबंदी होतो. अॅन नावाची परदेशी बाई तिला आपल्याकडे नेते, भाषा शिकवते, तिच्या लोककथांत रस घेते. अॅनला अरबी घोड्यांचीही आवड आहे, आणि फातिमा त्याच संग्रहातला एक नमुना आहे हे हळूहळू उघड होते. फातिमाचा पाय अखेर कापावा लागतो. अरब स्त्रीची कहाणी भाषांतरातून, सहानुभूतीने आणि थोड्या कुतूहलाने वाचणाऱ्या प्रत्येकाने, म्हणजे आपण आणि मीही, अॅनच्या खोलीत स्वतःसाठी एक खुर्ची राखलेली आहे का हे पाहून घ्यावे. 'बनात अल-रियाध' (रियाधच्या मुली, २००५) हे रजा अल-सानिअ यांचे पुस्तक जगभर गेले तेव्हा ते सौदी स्त्रीचा अहवाल म्हणूनच वाचले गेले, आणि दर शुक्रवारी ईमेल पाठवणाऱ्या खट्याळ निवेदिकेची गंमत त्यात हरवली. त्या पुस्तकातही सदीमला सोडणारा फिरास सुसंस्कृत, जग पाहिलेला, सार्वजनिक जीवनातला माणूस आहे. घटस्फोटितेशी लग्न करण्याची वेळ येते तेव्हा त्याला घराण्याची आठवण होते.

पुरुष लेखकांची एकच कादंबरी सुचवायची तर खालिद खलीफा यांची 'मदीह अल-कराहिया' (द्वेषाची स्तुती, २००६). अलेप्पोतल्या जुन्या घरात मावश्यांमध्ये वाढणारी अनामिक मुलगी १९८०च्या दशकातल्या संघर्षात धर्मवादी गटाकडे ओढली जाते, द्वेषातून तिला बळ मिळते, आणि तुरुंगात इतर विचारांच्या स्त्रियांसोबत वर्षे काढताना तो द्वेष विरू लागतो. मुलगी मोठी होते म्हणजे अधिक उदार, अधिक मुक्त होते, हे आपण गृहीत धरतो. खलीफा ते गृहीत धरत नाहीत.

आता आपण वाचलेल्या जोखा अल-हार्थी यांच्या 'सय्यिदात अल-कमर' (चंद्राच्या स्त्रिया, २०१०) बद्दल. हिच्या इंग्रजी भाषांतराला २०१९ मध्ये मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाषांतरकार मॅरिलिन बूथ, ज्यांनी 'उघडे दार' आणि 'रियाधच्या मुली' यांच्यावरही काम केले आहे. ओमानच्या अल-अवाफी गावातल्या मय्या, अस्मा आणि खौला या बहिणींची ही कथा, पण 'मी' म्हणून बोलतो तो मय्याचा नवरा अब्दल्ला, विमानात बसून. कठोर बापाच्या सावलीतून बाहेर न पडू शकलेला इथला माणूस तो आहे. बहिणींपुढचे प्रश्न वेगळे आहेत. अस्माच्या चित्रकार नवऱ्याला आपल्या कक्षेत फिरणारी जोडीदारीण हवी असते. खौला बालपणी ठरलेल्या नासिरची वाट पाहत राहते. तो कॅनडात दुसरा संसार मांडतो, खौलाशी लग्न करूनही येतो-जातो, आणि कित्येक वर्षांनी कायमचा परततो. सगळे स्थिरस्थावर झाल्यावर, मुले मोठी झाल्यावर, खौला घटस्फोट मागते. आपल्या प्रश्नातल्या लग्न, वेड, मरण या तिन्हींत हा शेवट बसत नाही. तिला आता नासिरचा राग आलेला नाही. एवढी वर्षे ज्या प्रतीक्षेवर ती जगली ती प्रतीक्षाच संपली आहे. वाचनवर्गात या घटस्फोटाचे कारण विचारले की तरुण मुले नासिरच्या गुन्ह्यांची यादी करतात. वयाने मोठ्या स्त्रिया बहुधा ते कारण एका वाक्यात सांगतात.

वाचनाचा क्रम विचारलात म्हणून: मराठी वाचकाची अरबी कथेशी ओळख बहुधा गौरी देशपांडे यांच्या सोळा खंडांतल्या 'अरेबियन नाइट्स'मधून झालेली असते, आणि आधुनिक कादंबऱ्यांसाठी इंग्रजी भाषांतरांवर अवलंबून राहावे लागते. 'उघडे दार' आधी घ्यावे, पहिली पन्नास पाने संथ वाटली तरी सोडू नये, कारण तिथल्या पात्रांची गर्दी पुढे उपयोगी पडते. त्यानंतर 'झहराची कहाणी' आणि लगेच कामिलाचे पुस्तक, मधे खंड न पाडता. 'डांबराच्या गोळ्या' घाईत वाचण्यासारखी नाही. तिच्यातली सर्वनामे बदलतात तिथे थांबून, बोलणारी हुदा कोणत्या वयाची आहे याचा अंदाज घेत पुढे जावे. आणि हे सगळे झाल्यावर अल-हार्थी पुन्हा हातात घेतलीत, तर या वेळी अब्दल्लाची प्रकरणे आधी सलग वाचून पाहा, मग बहिणींची.